तुटक वागण्यामागचा आजार



मनाच्या आजारांवर बोलायला बोलावलं की अपेक्षा साधारण ठरलेली असते. लक्षणं सांगा, उपाय सांगा, जमलं तर दोन-चार श्वसनाचे प्रकार करून घ्या. आज मी ते करणार नाही. जिल्ह्याच्या गावात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना जे रोज समोर येतं आणि ज्याबद्दल फार कमी बोललं जातं, त्यावर बोलणार आहे. नैराश्य आलेल्या माणसाच्या नात्यांचं काय होतं? चारचौघांत जायच्या नुसत्या कल्पनेने ज्याला घाम फुटतो, त्याचं बायकोशी, आईशी, जुन्या मित्राशी काय बिनसतं? आणि बिनसलेलं सावरता येतं का?

ज्यांच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानाला जमलो आहोत, त्या बाई शिक्षिका होत्या. वर्गात न बोलणारं मूल त्यांच्या नजरेतून सुटत नसे, असं त्यांचे विद्यार्थी मला सांगत होते. म्हणून हा विषय इथे मांडायला मला विशेष बरं वाटतं.

आमच्या ओपीडीत पेशंट एकटा क्वचित येतो. बरोबर दोघं-तिघं असतात आणि बोलायला सुरुवातही तेच करतात. "मॅडम, हा घरात कुणाशी बोलतच नाही." "ही सारखी पडून असते, पोरांकडे लक्ष नाही." "याच्यासाठी आम्ही एवढं करतो, पण याला कुणाची किंमतच नाही." झोप उडाली आहे, भूक मेली आहे, पहाटे तीनला जाग येते आणि मग छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, हे सगळं मला विचारून काढावं लागतं. घरच्यांना सलत असतं ते दुसरंच. आपला माणूस आपल्याशी तोडून वागतो, हे. नंतर पेशंटला एकट्याला बसवून विचारलं की तो खाली मान घालून म्हणतो, "मी सगळ्यांना ओझं झालोय."

दोन्ही बोलणी शेजारी ठेवून पाहा. दुखावलेत दोघंही, आणि दोघंही समोरच्याच्या वागण्याचा चुकीचा अर्थ लावतायत. मला आज मुख्यतः हेच सांगायचं आहे. आजारात माणूस तुमच्यापासून दूर सरकतो, ते त्याचं तुमच्याबद्दलचं मत नसतं. तुम्ही त्याच्यावर चिडता, तेव्हा तुमची माया आटलेली नसते. पण हे दोन गैरसमज एकमेकांना खतपाणी घालत राहतात, आणि उपचार तिथवर पोचला नाही तर गोळ्यांनी सुधारलेला माणूस त्याच घरात पुन्हा खचतो.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, तरी चित्र आपल्याला परकं नाही. प्रौढांपैकी साधारण २० जणांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार होतो, आणि १०० आजाऱ्यांतल्या ८० हून अधिक जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत. आजार घरात असतो, पण त्याला आजार म्हणत नाहीत. मग त्याला दुसरी नावं मिळतात. आळशी, माणूसघाणा, शिष्ट, घुमा. "नाटकं करतोय" हे तर ठरलेलंच.

एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत. नवरा चाळिशीतला, एका सहकारी संस्थेत लेखनिक. बायको घरी शिवणकाम करायची. तो संध्याकाळी यायचा आणि कपडेही न बदलता पलंगावर पडायचा. ती चहा आणून ठेवायची. चहावर साय धरायची, कप तिथेच.

"अहो, चहा गार झाला."

"हं."

"काही झालंय का?"

"काही नाही."

थोडा वेळ शिवणयंत्राचा आवाज. मग पुन्हा, "माझं काही चुकलं का?" यावर तो उठून मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचा. आणि तोच माणूस रात्री दिवा मालवल्यावर विचारायचा, "तू मला सोडून तर जाणार नाहीस ना?" ती म्हणायची, "असं काय बोलता?" थोड्या वेळाने परत तोच प्रश्न. सुरुवातीला ती हात धरून समजूत काढायची. पुढे पुढे कूस बदलून म्हणायला लागली, "झोपा आता, पहाटे पाणी यायचंय." ज्याची त्याला भीती होती, ते त्या फिरवलेल्या पाठीत त्याला खरं झालेलं दिसायचं.

ती बाई थकली होती, बाकी काही नाही. नैराश्याच्या माणसाबरोबर राहणारे थकतात, आणि हे फार पूर्वी अभ्यासातून पुढे आलेलं आहे. अमेरिकेत जेम्स कॉइन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये एक साधा प्रयोग केला. ४५ विद्यार्थिनींना अनोळखी बाईशी २० मिनिटं फोनवर बोलायला लावलं. काहींच्या फोनवर नैराश्याच्या रुग्ण होत्या, काहींच्या इतर रुग्ण, काहींच्या कुठलाही आजार नसलेल्या बायका. समोर कोण आहे, हे कुणाला सांगितलं नव्हतं. नैराश्याच्या रुग्णांशी बोललेल्या मुली फोन ठेवल्यावर स्वतःच जास्त उदास, अस्वस्थ आणि चिडलेल्या होत्या, आणि त्या बाईशी पुन्हा बोलायची त्यांची तयारी कमी होती. वीस मिनिटांत एवढं. आपल्याकडे बायको, आई, मुलगा हे सगळे वर्षभर त्याच खोलीत असतात.

कॉइनचं म्हणणं पुढे असं की जवळची माणसं आपली चीड उघड दाखवत नाहीत, कारण आजारी माणसावर चिडणं पाप वाटतं. तोंडाने धीर देतात आणि चेहऱ्याने कंटाळा दाखवतात. आजारी माणसाला शब्द ऐकू येतात आणि चेहराही दिसतो. यातलं खरं कोणतं, हे कळावं म्हणून तो परत विचारतो, आणि परत विचारल्याने समोरचा आणखी वैतागतो. थॉमस जॉइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याच सवयीवर, पुन्हा पुन्हा खात्री करून घेण्यावर, बरंच काम केलं. आमच्या लेखनिकाचा रात्रीचा प्रश्न नेमका हाच होता. त्याला उत्तर हवं होतं, पण कुठलंही उत्तर त्याच्या आत टिकत नव्हतं.

हे न टिकणं समजून घ्यायला हवं. नैराश्यात आनंद मिळण्याची क्षमताच बधिर होते. आवडीचं गाणं, क्रिकेटची मॅच, पुरणपोळी यांच्याबाबत लोकांना ते पटतं. पण ते माणसांनाही लागू असतं, हे घरच्यांच्या पचनी पडत नाही. एक बाई मला म्हणाल्या होत्या, "पोरगी शाळेतून धावत येऊन गळ्यात पडते आणि माझ्या आत काहीच हलत नाही. मी कसली आई?" ज्या आईला खरंच पर्वा नसते, तिला हा प्रश्न पडत नाही. माया असते, तिच्यापर्यंत पोचणारी वाट बंद झालेली असते. आणि वाट बंद आहे या अपराधीपणापायी ती बाई मुलीला जवळ घेणं टाळते, म्हणजे मुलीला पहिल्यांदाच खरोखर दूर लोटल्यासारखं होतं. हे मी घरच्यांना पेशंटसमोर बसवून, पेशंटच्या परवानगीने, शक्य तितक्या लवकर सांगते. कित्येक नवऱ्यांचे डोळे त्या क्षणी भरून आलेले मी पाहिले आहेत. "म्हणजे तिचा माझ्यावर राग नाहीये?" हा प्रश्न मोठमोठे बाप्ये लहान मुलासारखा विचारतात.

आता टीकेबद्दल. जिल हूली आणि जॉन टीसडेल यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास माझ्या कामात रोज उपयोगी पडतो. नैराश्यातून सावरत असलेल्या विवाहित रुग्णांकडे त्यांनी नऊ महिने लक्ष ठेवलं. कुणाचा आजार उलटेल, हे आधी कशावरून ओळखता येतं? घरच्यांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, लग्न किती सुखाचं आहे ते मोजलं. सगळ्यांत अचूक ठरला तो रुग्णाला विचारलेला एकच प्रश्न: तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो असं तुम्हाला वाटतं, एक ते दहात सांगा. आकडा जितका मोठा, तितकी आजार उलटण्याची शक्यता जास्त.

हा प्रश्न मी आमच्या पेशंटना विचारते. पेशंट आठ किंवा नऊ सांगतो आणि शेजारचा माणूस खुर्चीत ताठ होतो. "मी? मी कधी टीका केली? मी तर चांगल्यासाठी सांगतो." आणि ते खरंच असतं. आपल्या घरांत टीका बहुतेक वेळा सल्ल्याच्या रूपात येते. "जरा बाहेर पड, बरं वाटेल." "मनाला इतकं लावून घेऊ नये." "आमच्या वेळी काय कमी त्रास होते?" आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारं, "तुला काय कमी आहे?" हे शेवटचं वाक्य मी माझ्या ओपीडीत बंद करायला सांगते. कमी काही नसताना आपण असे झालो आहोत, हीच आजाऱ्याची शरम असते. तीच आपण पुन्हा त्याच्या हातात देतो.

सुनेच्या बाबतीत हे जास्त कठोर होतं. पुरुषाचं नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या किंवा दारूच्या वाटेने बाहेर पडतं आणि घर त्याला "कामाचं टेन्शन" म्हणून सांभाळून घेतं. बाईचं नैराश्य दिसतं ते ओट्यावर साचलेल्या भांड्यांत, करपलेल्या फोडणीत, मुलांच्या न भरलेल्या डब्यांत. तिच्या आजाराचं प्रत्येक लक्षण म्हणजे कुणाची तरी झालेली गैरसोय. त्यामुळे तिची चौकशी होण्याआधी तिची झडती होते.

लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी केलेला अभ्यास १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आला. आयुष्यात मोठा आघात झालेल्या कुठल्या बायका नैराश्यात जातात आणि कुठल्या तग धरतात, हे ते शोधत होते. घरात लहान मुलं तीन किंवा जास्त असणं, बाहेर नोकरी नसणं, लहानपणी आई गमावणं आणि मन मोकळं करता येईल असं जवळचं नातं नसणं, या चार गोष्टींनी धोका वाढत होता. कॅम्बरवेल आपल्यापासून लांब आहे, पण यातला शेवटचा मुद्दा मला आपल्या एकत्र कुटुंबांत सारखा आठवतो. घरात आठ माणसं, दारात शेजारी, आणि मनातलं सांगायला एकही नाही, अशा बायका मी रोज पाहते. पूर्वी माहेरपणाला गेल्यावर निदान दुपारी आईजवळ आडवं पडून सगळं ओकता यायचं. आता रोज व्हिडिओ कॉल होतो, पण तो स्वयंपाकघरात, सासूच्या समोर, फोन डब्याला टेकवून. त्यात काय बोलणार?

आता दुसऱ्या आजाराकडे येते. लोकांमध्ये वावरायची तीव्र भीती, ज्याला आता सगळेच सोशल अँग्झायटी म्हणतात. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात या आजाराला १९८० मध्ये स्वतंत्र जागा मिळाली, म्हणजे वैद्यकातही तो तसा उशिरा ओळखला गेला. बुजरा स्वभाव हा आजार नव्हे, त्यात काही दुरुस्त करायची गरज नाही. भीतीपायी शिक्षण सुटतं, बढती नाकारली जाते, मित्राच्या लग्नाला जाणं टळतं, तेव्हा तो आजार. बहुधा तो तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतो आणि त्यामुळे नात्यांवर त्याचा परिणाम नैराश्यापेक्षा वेगळा होतो. नैराश्याच्या माणसाला "आधीचा मी" आठवतो, त्याच्या बायकोलाही आठवतो. या माणसाला आधीचं काही नसतंच. मैत्री करायची, भांडायची, रुसवा काढायची, प्रेमात पडायची तालीम ज्या वयात होते, ती वर्षं त्याची भिंतीला टेकून गेलेली असतात.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये या भीतीची यंत्रणा मांडली. ती समजायला सत्यनारायणाच्या पूजेचा दिवस घ्या. नवी सून पंगतीत वाढतेय. सगळे आपल्याकडे बघतायत असं तिला वाटतंय, आणि तिचं लक्ष पानांवर राहिलेलं नाही. ती आतून स्वतःलाच बघतेय: हात थरथरतोय, मान लाल झालीय, आता आमटी सांडणार. थरथर दिसू नये म्हणून ती भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरते, त्याने हात आणखी ताठ होतात. आवाज कापू नये म्हणून ती बोलत नाही. नजर मिळू नये म्हणून वर बघत नाही. कुणी म्हणालं, "छान झालाय हो शिरा," तर नुसती मान हलवून पुढे सरकते. तिच्या हिशेबी तिने स्वतःला वाचवलं. पंगतीतल्या आत्याबाईंच्या हिशेबी ती शिष्ट आहे. भीती लपवायला केलेल्या प्रत्येक युक्तीने तिची नवी नाती सुरू व्हायच्या आधीच थंड केली.

उपचारात या युक्त्या एकेक करून सोडायला शिकवतात. तिचं बोलणं मोबाइलवर चित्रित करून तिला दाखवतात. आतून जेवढी थरथर जाणवते, त्याच्या पावपटही बाहेर दिसत नाही, हे बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं. लिन आल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात हे तपासून पाहिलं आहे. भित्र्या माणसांनी या युक्त्या बाजूला ठेवून गप्पा मारल्या, तेव्हा समोरच्या अनोळखी माणसांना ती जास्त आवडली.

याहून मला भावलेलं काम थॉमस रोडबॉ यांचं आहे. या आजाराची माणसं आपल्या मैत्रीबद्दल काय सांगतात आणि त्यांचे मित्र काय सांगतात, हे त्यांनी दोन्ही बाजूंनी विचारलं. आजारी माणसं म्हणत होती, आमची मैत्री काही खरी नाही. मित्रांना मात्र ती मैत्री तितकी वाईट वाटतच नव्हती. आपल्यापैकी अनेकांचा असा एखादा मित्र असेल. तो स्वतःहून फोन करत नाही, ग्रुपवर दोन निळ्या खुणा दिसतात पण उत्तर येत नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा दुसऱ्या दिवशी येतात. कदाचित त्याने चार वेळा मजकूर लिहून पुसला असेल. त्याला हे कळवायला हवं की आपल्याकडून ती मैत्री आहे. आणि ते बोलून कळवायचं, गृहीत धरून नाही.

घरच्यांच्या मायेला इथे एक धोका असतो. अशा माणसाचा जोडीदार हळूहळू त्याचा मुखत्यार होतो. आजार बायकोला असेल तर गॅसच्या एजन्सीला फोन नवरा करतो, शाळेच्या पालकसभेला तो जातो, लग्नाला न येण्याची सबब तो सांगतो. "तिला कशाला त्रास?" यामागे प्रेमच असतं. पण टाळलेली प्रत्येक गोष्ट भीतीला पटवून देते की ती बरोबर होती. काही वर्षांनी हाच प्रेमळ मुखत्यार सबबी सांगून दमतो आणि एक दिवस सगळ्यांसमोर फटकन बोलतो, "हिचं नेहमीचंच आहे." इतक्या वर्षांचं सांभाळणं त्या एका वाक्यात वाहून जातं. त्याऐवजी गॅस एजन्सीचा फोन तिने करावा, त्याने शेजारी बसावं. पुढच्या वेळी त्याने दुसऱ्या खोलीत बसावं. एवढं लहान, पण ठरवून.

आता लग्न. "लग्न करून द्या, सुधारेल," हा सल्ला मी वैद्यकातल्या लोकांच्या तोंडूनही ऐकला आहे, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो. लग्न हा औषधोपचार नाही, आणि समोरचा मुलगा किंवा मुलगी ही कुणाच्या आजारावरची मात्रा नाही. ज्याला अनोळखी माणसासमोर तोंड उघडता येत नाही, त्याला कांदेपोह्यांच्या बैठकीत अर्ध्या तासात पसंत-नापसंत ठरवायला बसवायचं, मग अनोळखी घरात आयुष्यभर राहायला सांगायचं, वर आजार लपवायचा. गोळ्या चोरून घ्यायच्या म्हणून त्या लग्नाच्या आठवड्यात बंद होतात, आणि दोन-तीन महिन्यांत आजार उसळतो. जोडीदाराला पहिला धक्का आजाराचा बसतो आणि दुसरा फसवल्याचा. पहिला पुष्कळ जण पचवतात. दुसरा पचत नाही.

लपवण्यामागे कायद्याची भीतीही असते, म्हणून तिच्याबद्दल थोडं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, पण विकार इतक्या स्वरूपाचा आणि इतक्या प्रमाणात हवा की जोडीदाराने एकत्र राहावं अशी वाजवी अपेक्षाच करता येऊ नये. नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केलं आहे. उपचाराखाली असलेलं नैराश्य किंवा लोकांची भीती एवढ्यावर कुणाचं लग्न मोडत नाही. उलट महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, तर तो मुद्दा न्यायालयात उभा राहू शकतो. तेव्हा सांगा. पत्रिका जुळवता त्याच बैठकीत, दोघांना एकत्र बसवून सांगा. नकार आला तर आला. सांगूनही होकार देणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ती लग्नं टिकलेली पाहिली आहेत.

लग्नाबद्दल बोलते आहे तर शय्येबद्दलही बोलायला हवं, सभागृहात वडीलधारी मंडळी आहेत तरी. नैराश्यात शरीराची इच्छाही विझते. त्यावर दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनीही काहींची इच्छा कमी होते किंवा तृप्तीला उशीर लागतो. डॉक्टर सांगत नाहीत, पेशंट विचारत नाही, जोडीदार मनात भलतंच धरतो. आणि पेशंट परस्पर गोळी बंद करतो. असं न करता डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, हेही दोघांना माहीत असलेलं बरं.

एवढ्या अडचणी सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, तालुक्याच्या गावी हे सगळं करायला माणसं कुठून आणायची? याचं उत्तर आपल्या शेजारी गोव्यात मिळालेलं आहे. विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांवर एक चाचणी केली. ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. त्यातले समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. स्थानिक, शाळा शिकलेली, तिथल्याच बोलीत बोलणारी माणसं होती. त्यांना प्रशिक्षण दिलं, त्यांच्या कामावर नीट देखरेख ठेवली. त्यांनी प्रत्येक रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटायचं, केंद्रावर नाहीतर घरी. भेटीत काय करायचं? तत्त्वज्ञान सांगायचं नाही. काय करायचं सोडून दिलंय ते विचारायचं आणि त्यातलं लहानसं काही पुन्हा सुरू करायला मदत करायची. बहिणीला फोन, देवळापर्यंत चालणं, मागच्या परसातली भाजी. लागेल तिथे घरच्या माणसालाही सामील करून घ्यायचं.

तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, आणि या भेटी झालेल्यांपैकी ६४ टक्के. कामाचे बुडणारे दिवस कमी झाले. आणि ज्यासाठी मी हा अभ्यास आज मुद्दाम सांगते आहे ते असं: या भेटी मिळालेल्या बायकांमध्ये नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीचं प्रमाणही कमी आढळलं. हे का झालं याची उत्तरं अनेक असू शकतील. पण एका बाजूने आजाराला हात घातला की नातं हलतं, एवढं त्यातून नक्की दिसतं. इथे एक गोष्ट निक्षून सांगते. नवऱ्याचं नैराश्य हे त्याच्या हात उगारण्याचं समर्थन होऊ शकत नाही. मारहाण असेल तिथे आधी त्या बाईची सुरक्षितता, मग बाकीचं सगळं.

घरच्यांनी नेमकं काय करावं, हे मला दर वेळी विचारतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. सुवर्णकमळ मिळालेल्या या मराठी चित्रपटात जानकी नावाची बाई जीव द्यायला निघालेल्या एका मुलाला घरी आणते आणि त्याला प्रश्न विचारत नाही. त्याला खायला देते, झोपू देते, आसपास राहते. बोलण्याची सक्ती न करता जवळ असणं, हे घर करू शकतं. आमच्या लेखनिकाच्या घरी आम्ही एवढंच ठरवलं होतं: संध्याकाळी चहा दोघांनी अंगणात प्यायचा, "काय झालं" हा प्रश्न तिथे विचारायचा नाही. रात्रीच्या प्रश्नाला तिने एकदाच उत्तर द्यायचं आणि म्हणायचं, "हे आजार विचारतोय, मी आधीच सांगितलंय." आणि आठवड्यातून एक दुपार तिची स्वतःची, मैत्रिणीकडे जायची, त्या वेळी त्याच्याजवळ त्याचा भाऊ बसेल. सुरुवातीला अवघड गेलं. औषधं चालूच होती. काही आठवड्यांनी तो अंगणात स्वतःहून बोलायला लागला, तेही पाण्याच्या मोटारीबद्दल. ती मला हसत सांगत होती, "मॅडम, मोटारीवर एवढं कुणी बोललेलं मला कधी गोड लागलं नव्हतं."

एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा, आणि तोच आपण टाळतो. "जीव नकोसा वाटतो का? मरायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट पेशंटला हायसं वाटतं. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या हलवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही. पोलिसांच्या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं आहे, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

शेवटी या सभागृहात बसलेल्या डॉक्टरांना, शिक्षकांना आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक मागणी करते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी आपल्याकडे चालते. तिथे पेशंटला तपासतात, गोळ्या देतात, आणि बरोबर आलेल्या माणसाला बाकावर बसवून ठेवतात. दुसऱ्या भेटीला त्या माणसाला आत बोलवा. त्याला पंधरा मिनिटं द्या. आजार काय आहे ते त्याच्या भाषेत सांगा, आणि तो स्वतः किती थकलाय तेही विचारा. महिन्यातून एकदा अशा नातेवाइकांना एकत्र बसायला आपण जमलो आहोत त्या वाचनालयाची एक खोली मिळावी, अशी विनंती मी संयोजकांकडे लेखी दिली आहे. पहिले काही महिने त्या बैठकीला मी स्वतः येईन.